गाळणीत अडकलेलं औषध

बहरैनमध्ये, मनाम्यातल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं पेशी वाढवल्या. हुद्दा तंत्रज्ञ. प्रश्न दुसऱ्यांचे, प्रबंध दुसऱ्यांचे, पदव्याही दुसऱ्यांच्याच. पेशी जिवंत आणि स्वच्छ ठेवणं एवढं माझं काम. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

पेशी वाढवणं म्हणजे नक्की काय, हे इथल्या मराठी मंडळींनी मला प्रत्येक गणपतीत आणि प्रत्येक हळदीकुंकवात विचारलं. उत्तर असं. प्लास्टिकची चपटी बाटली, तिच्यात गुलाबी द्रव. त्याला आम्ही मीडियम म्हणतो. ते पेशींचं अन्न. बाटली शरीराच्या तापमानाच्या कपाटात ठेवायची. दोन-तीन दिवसांत गुलाबी रंग पिवळट होतो, म्हणजे अन्न संपत आलं. ते बदलायचं. शुक्रवारची सुट्टी असो वा ईद, बदलायचंच. नवरा बँकेत नोकरीला. त्याच्या रजा ठरलेल्या असत, माझ्या पेशी ठरवत. एकवीस वर्षांत गावी, चिपळूणला सलग तीन आठवडे राहिल्याचं मला आठवत नाही.

आमच्या पेशी साध्या नव्हत्या. उंदराच्या प्लीहेत प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी असतात. त्यातली एक घेऊन तिचा कर्करोगाच्या पेशीशी संकर केलेला. पहिलीकडून कसब आलं, दुसरीकडून न मरण्याचा गुण. अशी संकरित पेशी बाटलीत वर्षानुवर्षं वाढते आणि एकाच प्रकारचं प्रतिपिंड मीडियममध्ये सोडत राहते.

प्रतिपिंड म्हणजे काय, ते एका पाहुण्यामुळे सांगणं सोपं जातं. एकदा पांढरा पायघोळ थोब घातलेले एक वृद्ध गृहस्थ थेट प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. हातात कॉफीचा थर्मास, आणि थर्मासात बर्फावर ठेवलेली रक्ताची नळी. त्यांच्या घोडीला पहाटे शिंगरू झालं होतं, घोडी आजारी होती आणि शिंगराला दूध मिळालं नव्हतं; नळीत त्याचंच रक्त. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या इमारतीत प्रतिपिंडं बनतात. "एक बाटली द्या," ते म्हणाले. आमच्या बाटलीतलं प्रतिपिंड उंदराचं आणि फक्त एकाच रेणूला ओळखणारं. त्यांना हवी होती ती आईच्या चिकातून पिल्लाला मिळणारी, नाना रोगांना ओळखून धरणारी हजारो प्रकारची प्रथिनं. मी त्यांना पशुवैद्याचा पत्ता लिहून दिला आणि दुसऱ्या घोडीचा चीक आजच्या आज पाजायला सांगितलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग आमच्या कपाटांकडे. "एवढी यंत्रं आणि चीक नाही?" असं म्हणून ते निघाले. शिंगराचं काय झालं ते कळलं नाही.

या गोष्टीत अभिमानाचा भाग आहे तो स्वच्छतेचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वावटळीच्या दिवशी कुणीतरी दार अर्धं उघडं ठेवलं. चार दिवसांनी सगळ्या बाटल्यांत बुरशीचे पांढरे पुंजके तरंगत होते. आठ महिन्यांचं काम गेलं. त्या दिवसापासून मी एक नियम घातला: गाळल्याशिवाय पेशींपाशी काहीही जाणार नाही. सिरिंजच्या तोंडाला नाण्याएवढी चकती लावायची, तिच्यातल्या पडद्याची छिद्रं जिवाणूंपेक्षा लहान. मीडियम, क्षार, औषध, सगळं तिच्यातून. वहीत प्रत्येक द्रावणापुढे 'गाळलं' असा शेरा आणि माझी सही. पुढच्या वीस वर्षांत बुरशी आली नाही. विद्यार्थी माझ्या नियमाची थट्टा करत, भांडाराचे हनीफभाई म्हणत, "ताईंना चहा दिला तरी आधी गाळून बघतील."

हनीफभाई श्रीवर्धनचे. आमच्याकडची प्रत्येक चकती, प्रत्येक बाटली त्यांच्या हातून यायची. प्रयोगशाळेत माझ्याशी मराठीत बोलणारे ते एकटेच.

नूर आली ती निवृत्तीआधी दोन वर्षं. बहरैनची, चोवीस वर्षांची, पदव्युत्तर प्रबंधासाठी. तिचा विषय असा: पेशीला प्रतिपिंड बनवण्यापासून वेगवेगळ्या पायरीवर अडवलं तर काय होतं? कामासाठी दोन औषधं निवडली होती. ॲक्टिनोमायसिन आरएनए बनणं थांबवतं. सायक्लोहेक्झिमाइड प्रथिनं बनणं थांबवतं.

हे मी हनीफभाईंना समजावलं ते शहराच्या अदलिया भागातल्या एका खानावळीत, बिर्याणी यायला उशीर झाला तेव्हा. पेशीच्या केंद्रात जनुकं असतात. ती बाहेर येत नाहीत. त्यांची नक्कल आरएनएवर उतरते आणि बाहेर पाठवली जाते. बाहेर ती नक्कल वाचून प्रथिन बनतं. प्रतिपिंड हेही प्रथिनच.

हनीफभाईंनी काउंटरकडे पाहिलं. "मंजे तो वेटर चिठ्ठी लिवतो ती आरएनए. आचारी रांधतो ते प्रथिन."

"बरोबर."

"तुमचं एक औषध वेटरचं पेन काढून घेतं, आनि दुसरं आचाऱ्याचे हात बांधतं."

"अगदी बरोबर."

"मग आज हितं दोन्ही औषधं टाकलेली दिसतात," ते म्हणाले.

नूरचा प्रश्न याच चिठ्ठीचा होता. पेन काढून घेतलं तरी आधी लिहिलेल्या चिठ्ठ्या स्वयंपाकघरात टांगलेल्या असतात. त्यांवर आचारी किती वेळ रांधत राहील? बऱ्याच प्रथिनांच्या चिठ्ठ्या लवकर नष्ट होतात. प्रतिपिंडाची चिठ्ठी टिकाऊ असते हे माहीत होतं. आमच्या पेशींत ती किती टिकते, ते मोजायचं होतं.

पद्धत सरळ. पेशी धुऊन आधीचं मीडियम पूर्ण काढायचं, कारण त्यात जुनं प्रतिपिंड साठलेलं असतं आणि ते राहिलं तर मोजमाप खोटं पडतं. ताजं मीडियम, त्यात औषध. मग ठरावीक तासांनी थोडं मीडियम काढून त्यातलं प्रतिपिंड मोजायचं. शेवटचा नमुना चोवीस तासांनी. पेशींची गणती सुरुवातीला आणि आठव्या तासाला. चोवीस तासांनंतर पेशी टाकून द्यायच्या.

सायक्लोहेक्झिमाइडने अपेक्षेप्रमाणे केलं. तयार होऊन वाटेत असलेलं थोडं प्रतिपिंड बाहेर पडलं, मग काही नाही. औषध धुऊन टाकलं की पेशी पुन्हा कामाला लागल्या. ॲक्टिनोमायसिनने मात्र कुणालाच अपेक्षा नव्हती असं काही केलं. चोवीस तास प्रतिपिंड थांबलंच नाही. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींच्या रेषा आलेखावर एकमेकींवर चढल्या. चिठ्ठी दिवसभर टिकते, असा त्याचा अर्थ. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

नूरने ते एका परिषदेत भित्तिपत्रकावर मांडलं. लोक थांबून वाचत होते. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला पुढच्या संशोधनासाठी जागा देऊ केली. अट एकच, ही पदवी वेळेत हाती हवी. आमचे विभागप्रमुख डॉ. सामी, मूळचे जॉर्डनचे, शब्द मोजून वापरणारे. तेही म्हणाले, "हे चांगलं काम आहे."

प्रबंध द्यायला पाच आठवडे उरले असताना नूरने एक छायाचित्र मागितलं. "मिस, औषध दिल्यानंतर चोवीस तासांनी पेशी कशा दिसतात, तो फोटो मला पहिल्या पानावर हवाय. सुंदर हवा." आमचं बोलणं इंग्रजीत चाले, अधूनमधून तिची अरबी आणि माझी हिंदी, इथे मराठीत लिहिते आहे.

फोटोपुरता एक प्रयोग मी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बाटली ठेवली. पेशी गोल, चकचकीत, दाट. फार दाट. मी थोड्या काढून निळा रंग घातला. मेलेली पेशी तो रंग शोषून घेते. निळी जवळपास एकही नव्हती. मोजल्या. कालच्या जवळजवळ दुप्पट. औषध न दिलेल्या बाटलीतही तेवढ्याच.

ज्या पेशीला नवा आरएनए बनवता येत नाही ती एका दिवसात दुप्पट होत नाही. ती आजारी पडते, बऱ्याचशा मरतात. या पेशींना काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे या पेशींना औषध मिळालेलंच नव्हतं.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. कचऱ्याच्या डब्यात कालची चकती होती. तिचा पडदा मुळात पांढरा असतो. हा फिकट नारिंगी होता. ॲक्टिनोमायसिनचा रंग नारिंगी. औषध उजेडात बिघडतं, म्हणून त्याच्या नळ्या आम्ही कायम ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ठेवत असू. मी गाळलेल्या द्रावणाच्या नळीवरचा कागद सोलला. आत पाण्यासारखं रंगहीन काहीतरी होतं. मग औषधाच्या डब्यातलं पत्रक उलगडलं, नखाएवढ्या घडीचं, मुंगीच्या अक्षराचं. काही प्रकारच्या पडद्यांना हे औषध चिकटतं, सबब अशा पडद्यांतून गाळू नये, असं त्यात छापलेलं होतं. आमचा पडदा त्याच प्रकारचा. सायक्लोहेक्झिमाइड त्याला चिकटत नाही, म्हणून ते पेशींपर्यंत पोचलं होतं. पत्रक डब्यात पहिल्या दिवसापासून होतं. ते मी वाचलं नव्हतं. औषधाचं मूळ दाट द्रावण गाळायची गरजही नव्हती, कारण ज्या द्रावकात ते विरघळवलं होतं त्यात जिवाणू टिकत नाहीत. पण पातळ केल्यावर मी ते गाळलं, चारही वेळा. वहीत चारही ठिकाणी शेरा होता: 'गाळलं', आणि सही.

नूर फोटो बघायला आली ती उत्साहात. मी तिला आधी चकती दाखवली, मग नळी, मग पत्रक. पत्रक तिने दोनदा वाचलं.

"म्हणजे तिसरं प्रकरण खोटं आहे."

"हो."

"आणि भित्तिपत्रक?"

"तेही."

ती खुर्चीवर बसली. "मिस, तुम्ही हे सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"तुझ्यानंतर जो कुणी हा प्रयोग करेल त्याला."

"तो तर कैक वर्षांनी करेल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाही. माझं नाव आहे त्यावर."

डॉ. सामींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा सल्ला व्यवहाराचा होता. "तिसरं प्रकरण काढ. सायक्लोहेक्झिमाइडवर पदवी मिळेल. तारीख महत्त्वाची. खलास."

"भित्तिपत्रकासमोर उभं राहून मी चाळीस माणसांना सांगितलंय की चिठ्ठी दिवसभर टिकते," नूर म्हणाली. "आता ती किती टिकते ते मला माहीत नाही, हे कुठे लिहू?"

"वेळ नाही."

"पाच आठवडे आहेत, डॉक्टर. प्रयोग एका दिवसाचा आहे."

"औषध?"

औषधाची एकच कुपी शिल्लक होती. हनीफभाईंना विचारलं. नवी मागवली तर जहाज, कस्टम, परवानगी; सहा आठवड्यांच्या आत मुश्कील. त्यांना काय घडलं ते मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चकती बोटात फिरवत राहिले.

"ताई, हे फिल्टर स्वस्तातले म्हनून मी आनले. मंजे यात माझा पन वाटा हाय."

"तुमचा काही वाटा नाही, हनीफभाई. पत्रक मी वाचायचं होतं."

"बरं. मग आता मी भांडारातलं सगळं पत्रक वाचतो. चष्मा तेवढा नवा लागंल."

कुपीत तीन फेऱ्यांपुरतं औषध निघेल असा हिशेब मी बसवला, तोही बाटल्यांऐवजी लहान खणांच्या पट्ट्या वापरल्या तर. एक फेरी वाया गेली तर दोन उरणार होत्या आणि दोन फेऱ्यांवर कुठलाही परीक्षक समाधान मानत नाही. त्यात रमजान सुरू होता. कामाचे तास दुपारी दोनपर्यंत. नूरचे रोजे. मी तिला म्हटलं, नमुने मी घेते, तू घरी जा. तिने ऐकलं नाही. "चार वेळा तुम्ही गाळलं तेव्हा मी शेजारी नव्हते. आता प्रत्येक थेंबाला दोन माणसं."

तेव्हापासून तसंच चाललं. एकीने करायचं, दुसरीने मोठ्याने वाचायचं आणि लिहायचं. औषध आता थेट मूळ द्रावणातून, न गाळता. सिरिंज हातात घेतली की माझा डावा हात आपोआप चकतीच्या पुडीकडे जायचा. वीस वर्षांची सवय. दुसऱ्या फेरीला नूरने पुड्यांचा अख्खा डबा उचलून कपाटात कुलपात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

सकाळी पावणेसहाला सुरुवात केली की बारा तासांचा नमुना नेमका इफ्तारच्या वेळेला यायचा. पहिल्या फेरीला मी म्हटलं, आधी रोजा सोड. अजान ऐकू आली, हनीफभाई व्हरांड्यात खजूर आणि पाणी घेऊन थांबलेलेच होते. नूरने एक खजूर खाल्ला, पाणी प्यायली, हात धुतले, हातमोजे घातले आणि आत आली. नमुना चार मिनिटं उशिरा निघाला. तिने वहीत लिहिलं: 'बारा तास चार मिनिटं'.

"चार मिनिटांनी काय बिघडतंय?" हनीफभाई दारातून म्हणाले.

"काही नाही," नूर म्हणाली. "पण झाली ना."

तिन्ही फेऱ्या पार पडल्या. एकही वाया गेली नाही. पहिले काही तास औषध दिलेल्या पेशी न दिलेल्यांच्या बरोबरीने प्रतिपिंड सोडत राहिल्या. आठव्या तासाच्या आसपास रेषा वाकायला लागली. बाराव्या तासाला अंतर स्पष्ट होतं. चोवीसाव्या तासाला उत्पादन जवळपास थांबलेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्याहून जास्त पेशी निळ्या. म्हणजे चिठ्ठी टिकाऊ आहे, पण दिवसभर नाही. आधी इतरांना जे सापडलं होतं त्याच्याशी हे जुळणारं. नवं त्यात फारसं काही उरलं नाही.

नूरने आलेख बराच वेळ पाहिला. "आधीचा जास्त सुंदर होता," ती म्हणाली, आणि तिसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. परिषदेच्या आयोजकांना आणि परदेशातल्या त्या विद्यापीठालाही तिने स्वतःहून पत्र पाठवलं: आधीचा निष्कर्ष मागे घेत आहे, कारण असं. जागा राहील की जाईल याचं उत्तर तिकडून लगेच आलं नाही.

डॉ. सामींनी मसुद्यात एक वाक्य सुचवलं होतं: 'तांत्रिक त्रुटीमुळे आधीचे निकाल रद्द केले.' नूरने ते बदलून पूर्ण परिच्छेद लिहिला. त्यात 'आम्ही' होतं. मी म्हटलं, 'आम्ही' नको, गाळलं मी. ती म्हणाली, प्रबंध माझा आहे, मिस.

तोंडी परीक्षा खुली होती. मी मागच्या रांगेत बसले होते, हनीफभाई माझ्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बारीक वाचणाऱ्या. त्यांनी थेट तोच परिच्छेद उघडला.

"पहिलं उत्तर चुकलंय हे तुम्हांला कसं कळलं?"

"मला नाही कळलं," नूर म्हणाली. "आमच्या तंत्रज्ञांना कळलं. पेशी फार खूश दिसत होत्या."

"आणि द्रावण गाळलं कुणी?"

नूर म्हणाली, "आम्ही."

"आम्ही म्हणजे किती जणांनी सिरिंज धरली होती?"

खोलीत कुणीतरी हसलं. मी उभी राहिले. "मी एकटीने," मी म्हटलं. "चार वेळा. वहीत सही आहे."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. पुढचे प्रश्न सायक्लोहेक्झिमाइडचे होते. पाऊण तासाने निकाल सांगितला: उत्तीर्ण, एका दुरुस्तीसह. तीन दिवसांनी परदेशातून पत्र आलं. जागा कायम होती. हनीफभाईंनी भांडारातून मोठ्याने "यल्ला, चला, मिठाई!" केलं ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

दुरुस्ती अशी होती: गाळण्याची चूक पायरीपायरीने, पडद्याच्या प्रकारासह, वेगळ्या परिशिष्टात द्यावी, म्हणजे दुसऱ्या कुणाचे महिने जाणार नाहीत, आणि ज्याच्या हातून झाली त्याने ते लिहावं. मी लिहिलं. अर्धं पान झालं. नूरने त्यातला एकही शब्द बदलला नाही, खाली फक्त माझं नाव टाकलं. एकवीस वर्षांत माझ्या नावाने छापलेला मजकूर तेवढाच. त्याची सुरुवात अशी आहे: 'औषध पेशींना देण्यापूर्वी मी ते गाळले. ते गाळायला नको होते.'